गोडी संपते, ओढ राहते

हल्ली ऑफिसात 'डोपामिन' हा शब्द कटिंग चहासारखा झालाय, दिवसातून चार वेळा लागतोच. कुणी लंच टाइमला रील्स बघत बसलं की 'डोपामिन हिट'. कुणी रविवारी मोबाइल कपाटात टाकला की 'डोपामिन डिटॉक्स'. अप्रेझल मनासारखं झालं की 'डोपामिन रश'. आमच्या टीममधली एक मुलगी तर शुक्रवारच्या मिसळीतसुद्धा डोपामिन शोधते. थोडक्यात काय, डोपामिन म्हणजे मेंदूतलं आनंदाचं रसायन, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

तसं ते नाहीये, बॉस. डोपामिन आनंदाचं कमी आणि ओढीचं जास्त आहे. हा फरक वाचायला किरकोळ वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या जालना जिल्ह्यात मी अशी दोन माणसं पाहिली, की ज्यांच्या घरच्यांना हा फरक कळणं फार गरजेचं होतं. म्हणून या वेळी वीकएण्ड प्लॅन्स, ईएमआय आणि बॉसचे किस्से बाजूला.

एक जिल्हा, दोन औषधं

पहिली माझी आत्या. अंबड तालुक्यात तिची मोसंबीची बाग. कॅन्सर हाडांपर्यंत पोचला तेव्हा तिला कुशीवर वळतासुद्धा येईना. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आत्याने त्या स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवून दिल्या. 'लेकरा, ते अफूचं औषध आहे. मरता मरता अफूबाज म्हणून नाव निघायचं माझं,' असं ती मला म्हणाली. आतेभावाचंही तेच मत. म्हणजे घरात औषध होतं आणि रात्रभराचं कण्हणंही होतं.

दुसरा माझा शाळेतला मित्र. नाव मुद्दाम देत नाही. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर. (जालना म्हणजे स्टील, बियाणं आणि मोसंबी. तुमच्या सोसायटीच्या पिलरमधली सळईसुद्धा आमच्या गावची असू शकते!) भट्टीसमोर बारा-बारा तास उभं राहून त्याची पाठ धरली. बरोबरच्या कुणीतरी ट्रामाडोलची कॅप्सूल दिली. 'पाठ तर थांबलीच,' तो मला नंतर सांगत होता, 'पण आतून कुणीतरी शाल पांघरल्यासारखं वाटलं रे. टेन्शन एकदम शून्य.' एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या आठ. वर्षभराने मिलमध्येच त्याला फिट आली. ट्रामाडोलचा डोस वाढला की फिट येऊ शकते. लालबुंद सळ्या धावत होत्या, तिथून चार पावलांवर तो पडला. घरी कळलं ते तेव्हा.

एकीला औषधाची गरज होती आणि ती घेत नव्हती. दुसऱ्याची गरज केव्हाच संपली होती आणि तो थांबू शकत नव्हता. गंमत म्हणजे दोघांची औषधं एकाच घराण्यातली. या घराण्याचं आडनाव ओपिऑइड.

अफूच्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो ती अफू. तिच्यातून मॉर्फिन निघतं आणि खोकल्याच्या काही सिरपमध्ये असतं ते कोडीनही. मॉर्फिनवर प्रक्रिया केली की हेरॉइन. त्याचा अशुद्ध भाऊ म्हणजे ब्राउन शुगर उर्फ गर्द. ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही कारखान्यात जन्मलेली पोरं. दिवाळीच्या अनारशावरची खसखसही याच झाडाची, पण घाबरू नका, नशा चिकात असते, बियांत नाही.

असई आणि पाडरबोर्न

वेदना आणि अफू यांचं नातं जुनं आहे, आणि त्यातलं एक पान आमच्या जिल्ह्यातच सापडतं. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधलं असई हे गाव जालना जिल्ह्यात येतं. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचेच हजाराहून जास्त सैनिक जखमी झाले. क्लोरोफॉर्म यायला अजून चाळीसेक वर्षं होती. हात-पाय कापायची वेळ आली तर त्या काळच्या सर्जनकडे दारू आणि अफूचा अर्क याखेरीज फारसं काही नसे. शिवाय अर्काच्या एका बाटलीत अफूचा जोर किती आणि दुसरीत किती, याचा काही नेम नसे. कमी पडला तर रुग्ण ओरडणार, जास्त झाला तर श्वासच थांबणार.

हा घोळ सोडवला तो विशीतल्या एका पोराने. असईनंतर एक-दोन वर्षांत, जर्मनीतल्या पाडरबोर्न गावात, औषधाच्या दुकानात मदतनीस असलेल्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नरने अफूतून तिचा मूळ सत्त्वांश वेगळा काढला. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस, त्याच्यावरून नाव पडलं मॉर्फिन. आता वेदनेचं औषध मोजून देता येऊ लागलं.

पण ते मेंदूत नेमकं करतं काय, हे कळायला १९७३ उजाडावं लागलं. अफूची द्रव्यं जाऊन बसतात ती कुलपं, म्हणजे रिसेप्टर, त्या वर्षी सापडले. मग साहजिकच प्रश्न आला, की एका झाडाच्या चिकासाठी आपल्या मेंदूत कुलूप बसवलं कुणी? उत्तर १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून आलं. किल्ली आपल्याच घरची होती. आपला मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतो. एंडॉर्फिन हे नाव तुम्ही जिममध्ये ऐकलं असेल, ते यांतलंच. ठेच लागल्यावर थोड्या वेळाने जी कळ ओसरते, मित्रांत पोट धरून हसल्यावर जे हलकं वाटतं, त्यात या घरच्या किल्ल्यांचा हात असतो. बाहेरचं ओपिऑइड म्हणजे त्याच कुलपाची डुप्लिकेट किल्ली, फक्त कितीतरी पट जोरात फिरणारी.

पाटकरी झोपला की...

आता डोपामिनकडे येऊ. मेंदूच्या मध्यभागी खालच्या अंगाला पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तिथून डोपामिनचे पाट निघतात आणि पुढच्या भागातल्या न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या केंद्राकडे जातात. जेवण, सेक्स, शाबासकी, जी जी गोष्ट जगायला उपयोगी, तिच्या वेळी या पाटाला पाणी सुटतं आणि मेंदू नोंद करतो, की हे महत्त्वाचं आहे, पुन्हा करायचं.

जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे मला ही भानगड कालव्याच्या भाषेतच कळते. कालव्याचं दार सांभाळायला पाटकरी असतो. तो सांगेल तेव्हाच आणि तेवढंच पाणी. मेंदूतही डोपामिनच्या पेशींवर असे पाटकरी बसलेत. गाबा नावाचं द्रव्य सोडून ते दार खाली दाबून ठेवतात. ओपिऑइडची कुलपं नेमकी या पाटकऱ्यांच्या अंगावर असतात. मॉर्फिन किंवा हेरॉइन आलं की पाटकरी झोपतो, दार वर जातं आणि पाट भरभरून वाहतो. म्हणजे ओपिऑइड डोपामिन ओतत नाही, ते डोपामिनचा राखणदार झोपवतं. (कोकेनची तऱ्हा निराळी. ते सुटलेलं डोपामिन परत आत ओढू देत नाही.)

वेदना शमवणारी कुलपं मात्र वेगळ्या जागी, मणक्यात आणि मेंदूच्या इतर भागांत. श्वास चालवणाऱ्या केंद्रातही ती आहेत. किल्ली सगळीकडे तीच. म्हणून एकच गोळी पाठ थांबवते, मनावर शाल पांघरते आणि जास्त झाली तर श्वासही थांबवते.

गोडी वेगळी, ओढ वेगळी

१९५४मध्ये कॅनडात ऑल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूला सौम्य करंट. काही उंदीर दांडी दाबतच सुटले. सगळ्यांना वाटलं, सापडलं, हेच आनंदाचं केंद्र! पुढे डोपामिनचा पाट त्याच रस्त्यावर असल्याचं कळलं आणि डोपामिन म्हणजे आनंद हे समीकरण पक्कं झालं.

त्याला सुरुंग लावला अमेरिकेतल्या केंट बेरिज या मानसशास्त्रज्ञाने. ज्या उंदरांचं डोपामिन जवळजवळ संपवलंय, त्यांच्यावर त्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी प्रयोग केले. ते उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडे जातच नसत, उपाशी मेले असते. पण साखरेचं पाणी जिभेवर टाकलं, तर मिटक्या मारत. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. गोड लागणं हे एक खातं, आणि उठून त्याच्याकडे जावंसं वाटणं हे दुसरं. डोपामिन मुख्यतः दुसऱ्या खात्याचं. गोडीच्या खात्यात घरच्या अफूचा वाटा मोठा.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. पण रसाच्या आधी दर वेळी दिवा लागू लागला, की त्या दिवा लागताच उसळतात, रसाच्या वेळी गप्प. तुमचंच बघा ना. पगार जमा झाल्याच्या एसएमएसला छाती धडधडते, खात्यातल्या आकड्याला तेवढी नाही. डोपामिन खुणा लक्षात ठेवतं.

ओपिऑइडचा घात इथे आहे. ते दोन्ही खात्यांवर एकदम सही करतं. गोडीचं कुलूप थेट उघडतं आणि ओढीचा पाटकरी झोपवतं. पण मेंदू हिशोबी आहे. रोजचा पूर आला की तो कुलपांची दाद कमी करतो. तोच डोस पुरेनासा होतो, गोडी आटत जाते. ओढ मात्र आटत नाही, उलट खुणांसकट मुरत जाते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसं. माझ्या मित्राचं वाक्य मला पाठ झालंय. 'मजा कधीच गेली रे. आता नुसतं नॉर्मल वाटायला घेतो. पण मेडिकलचं शटर दिसलं की पाय आपोआप वळतात.' त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण बेरिज आणि शुल्ट्झ दोघंही त्या दोन वाक्यांत आले.

आणि बंद केलं की? नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडं ठणकतात, झोप उडते. १९८०च्या दशकात गर्द ओढणाऱ्या पोरांनी याला शब्द वापरला, 'टर्की'. पुण्या-मुंबईतली ती साथ अनिल अवचट यांनी आपल्या लेखांतून लोकांसमोर आणली. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. व्यसनी माणूस वाया गेलेला नाही, आजारी आहे, ही भूमिका तिथे पहिल्या दिवसापासून होती. मेंदूचे फोटो पुढे आले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

आत्याची गोळी आणि मित्राची कॅप्सूल

मग आत्याची भीती बरोबर होती का? नाही. ओढ तयार व्हायला औषध मेंदूत किती वेगाने चढतं, याला फार महत्त्व आहे. पन्नीवर ओढलेली किंवा शिरेत टोचलेली नशा सेकंदा-मिनिटांत चढते, पूर एकदम येतो आणि मेंदू ती खूण कोरून ठेवतो. कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिनची साधी गोळी पोटातून, घड्याळ लावून, दर चार तासांनी देतात. पातळी संथ राहते. दुखणं डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी, त्यामुळे 'आता हवीच' असा क्षण फारसा येत नाही. शरीराला सवय होते, एकदम बंद केली तर त्रास होतो, हे खरं. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही पाय तिकडेच वळणं. योग्य देखरेखीखाली असं झालेले कॅन्सर रुग्ण थोडे.

ही भीती एकट्या आत्याची नाही. १९८५मध्ये एनडीपीएस कायदा आला. उद्देश नशेचा बाजार बंद करण्याचा. पण लायसन्सच्या जंजाळामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि १९९७पर्यंत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि आपल्याच खेड्यातली म्हातारी कण्हत राहते! २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची वाट सोपी झाली. लोकांच्या मनातला कायदा अजून जुनाच आहे.

दुसऱ्या टोकाला ट्रामाडोल. बरीच वर्षं ते साध्या प्रिस्क्रिप्शनचं औषध होतं, २०१८मध्ये ते एनडीपीएसच्या कक्षेत आलं. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड वापरतात आणि त्यांतल्या अंदाजे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. हे सगळे गल्लीबोळातले 'गर्दुल्ले' नाहीत. त्यांत शिफ्ट करणारे, ट्रक चालवणारे, टार्गेटखाली दबलेले, आपल्यासारखे लोकही आहेत.

आत्याला पटवलं ते संभाजीनगरच्या एका पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरबाईंनी. 'मावशी, शुगरवाला रोज इन्सुलिन घेतो, त्याला तुम्ही इन्सुलिनबाज म्हणता का?' एवढंच त्या म्हणाल्या. आत्याने डबा काढला. घड्याळ लावून गोळी, सोबत बद्धकोष्ठाचं औषध. शेवटचे दोन महिने ती रात्री झोपली, बागेपर्यंत चालत गेली, नातीच्या बारशाला मांडीवर बाळ घेऊन बसली. कधी जास्तीची गोळी मागितली नाही. ती गेल्यावर उरलेल्या गोळ्या आतेभावाने मोजून दवाखान्यात परत केल्या.

सगळ्यात धोक्याचा दिवस

मित्र महिनाभर एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला. सगळ्यांना वाटलं, सुटला. खरं तर धोक्याचा काळ तोच होता. महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वीच्या आठ कॅप्सूल आता जीव घेऊ शकतात. पण ओढ महिनाभरात उतरत नाही, ती मिलच्या भोंग्यात आणि मेडिकलच्या शटरमध्ये दबा धरून असते. बंद करून घरी परतलेली कितीतरी माणसं अशीच 'पूर्वीचाच' डोस घेऊन जातात.

जागेचा हा महिमा व्हिएतनाम युद्धानंतर जगाला कळला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने मायदेशी पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते जेमतेम ५ टक्के. जंगल, बराकी, बंदूक, सगळ्या खुणा हजारो मैल मागे राहिल्या होत्या. माझ्या मित्राची मिल मात्र घरापासून सायकलच्या अंतरावर.

म्हणून त्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. जाण्या-येण्याचा रस्ता आणि शिफ्ट बदलायला लावली. आणि बुप्रेनॉर्फिन सुरू केलं. हेही ओपिऑइडच, पण कुलपात बसून दार अर्धवटच उघडणारं. टर्की होत नाही, पूरही येत नाही, आणि दुसऱ्या किल्लीला जागा राहत नाही. त्याची आई म्हणाली, 'एक नशा सोडून दुसरी लावली का पोराला?' मी त्यांना आत्याचं उदाहरण दिलं, ते त्यांना लगेच कळलं. आज आठ महिने झाले. फिट नाही, कॅप्सूल नाही. 'ओढ गेली का रे?' मी विचारलं. 'नाही,' तो म्हणाला, 'पण आता ती आली की ओळखू येते.'

फ्रिजवर चिकटवा

* पाठ, दात, ऑपरेशन, कशासाठीही गोळी मिळाली तर स्ट्रिपवर कोडीन, ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल यांतलं नाव आहे का बघा. डॉक्टरांना 'किती दिवस?' हे विचाराच. मित्राने दिलेली कॅप्सूल घेऊ नका.

* ही औषधं दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर कधीही नको. श्वास थांबतो.

* बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टर डोस उतरवत नेतात.

* श्वास अगदी मंद, ओठ निळे, हाक मारून जाग नाही, असं दिसलं तर माणसाला कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. नॅलोक्सोन नावाचं उतारा औषध असतं, पण वेळेत पोचावं लागतं.

* घरात कॅन्सरचं दुखणं असेल तर मॉर्फिनला घाबरू नका. कुलपात ठेवा, घड्याळाने द्या, उरलेलं परत करा.

* मदतीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मन मोकळं करायला टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणाला लागला तर हा नंबर द्या, आणि लेक्चर देऊ नका.